घडीचे पाते : यवतमाळ जिल्ह्यातील खिशातल्या चाकूची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्याच्या शेतीव्यवहारात धारेच्या हत्यारांची वाण कधीच नव्हती. वखराची पास, खुरपे, इळा, कुऱ्हाड, कोयता आणि स्वयंपाकघरातील पावशी ही सारी लोखंडी पाती गावच्या लोहाराच्या ऐरणीवर घडत आली आणि बोथट झाली की पुन्हा त्याच ऐरणीकडे जात राहिली. घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते मुठीच्या खाचेत मिटवून खिशात ठेवता येते असा लहान चाकू, या कुळात बाहेरून आला. तो लोहाराच्या भात्याजवळ घडला नाही, दुकानाच्या फळीवरून उतरला. त्यामुळे तो विकत घ्यावा की घेऊ नये हा येथील शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या दृष्टीने नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. गावात धान्यावर होणाऱ्या कामाऐवजी बाजारात रोख पैसा मोजावा काय, दुरुस्तीची खात्री सोडून सुटसुटीतपणा पत्करावा काय, आणि पुढच्या काळात, कायद्याच्या नजरेत खटकू शकेल अशी वस्तू अंगावर बाळगावी काय, असे तीन वेगवेगळे हिशेब त्या एका खरेदीत गुंतलेले होते, आणि या वस्तूचा इतिहास हा मुख्यतः त्या तीन हिशेबांचा इतिहास आहे.

घडीच्या चाकूचे गुण आणि दोष दोन्ही एकाच जागेतून निघतात, आणि ती जागा म्हणजे पाते व मूठ यांना जोडणारा आडवा खिळा. ज्या चाकूचे पाते मुठीत कायमचे बसविलेले असते त्यात पोलादाचे शेपूट लाकडात खोलवर रुतलेले असल्यामुळे हाताचा सारा जोर थेट धारेपर्यंत पोहोचतो. घडीच्या चाकूत तोच जोर एका बारीक खिळ्यावरून जातो आणि खिळा जितका झिजेल तितके पाते दोन्ही अंगांनी हलू लागते. उलट, कायम उघड्या पात्याला म्यान लागते, म्यान कमरेला बांधावे लागते, आणि ते बांधूनही वाकताना, बैलगाडीवर चढताना किंवा लहान मूल कडेवर घेताना टोकाची धास्ती राहते. घडीच्या चाकूत मूठ हेच म्यान असते. धार झाकली जाते, टोक झाकले जाते, लांबी निम्मी होते आणि चाकू बंडीच्या खिशात किंवा धोतराच्या कनवटीला निर्धास्त राहतो. युरोपातील हॉलस्टाट येथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास हाडाच्या मुठीत मिटणारी पाती वापरात होती आणि रोमन लोकांनाही ती ठाऊक होती. तेव्हा घडीची कल्पना फार जुनी आहे. या जिल्ह्यात मात्र ती कल्पना ज्या समाजात आली त्याची लोखंडाशी असलेली बांधिलकी वेगळ्या प्रकारची होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट उलगडत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत करारान्वये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला, तेव्हा त्याच्या आग्नेय भागातील डोंगराळ व जंगलव्याप्त मुलूख पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या या प्रदेशात काळ्या जमिनीवर कापूस व ज्वारी, तर डोंगरउतारावर साग आणि बांबू, अशी दुहेरी संपत्ती आहे. म्हणून शेताची हत्यारे आणि जंगलाची हत्यारे येथे एकाच घराच्या कोपऱ्यात उभी राहतात. बांबू चिरणारे कोलाम, रानात गुरे नेणारे ढोरकी आणि वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे सालदार यांपैकी प्रत्येकाची पात्याची गरज वेगळी असली, तरी ते पाते बहुधा एकाच जातीच्या हातून येत असे.

त्या हातांविषयी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील रसेल आणि हिरालाल यांच्या चार खंडांच्या ग्रंथात नेमकी माहिती आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे चाळीस एकर जमिनीमागे, लोहाराला वर्षाला पन्नास पौंड, म्हणजे सुमारे तेवीस किलो धान्य मिळत असे. शेतीची अवजारे घडविणे व दुरुस्त करणे हे त्याचे काम होते. नव्या अवजाराची मजुरी कधी कधी वेगळी मिळे, पण लोखंड आणि कोळसा नेहमी शेतकऱ्यानेच पुरवायचा असे. या व्यवस्थेला बलुते म्हणतात, म्हणजे गावाच्या सेवेबद्दल पिकातून मिळणारा ठरीव वाटा. त्यात शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय अशी होती की इळ्याची किंवा पासेची किंमत एकदाच मोजून व्यवहार संपत नसे. धार गेली की हत्यार परत लोहाराकडे जाई, तो ते तापवून, ठोकून, पाणी देऊन परत करी, आणि त्याबद्दल निराळा पैसा सहसा लागत नसे. पाणी देणे म्हणजे तापलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात एकदम थंड करून कठीण करणे. हे साधले नाही तर धार टिकत नाही आणि जास्त झाले तर पाते ठिसूळ होऊन तुटते. गावच्या लोहाराला आपल्या गावची जमीन, तिच्यातला दगड आणि वापरणाऱ्याचा हात माहीत असल्यामुळे कोणाच्या इळ्याला किती पाणी द्यायचे हे त्याला विचारावे लागत नसे. इतक्या जवळिकीने बनलेल्या वस्तूची बरोबरी बाजारातली वस्तू या बाबतीत करू शकत नव्हती, ही गोष्ट घडीच्या चाकूच्या जमाखर्चात सर्वांत आधी मांडली पाहिजे.

याच ग्रंथात वऱ्हाडातील पांचाळांचेही वर्णन आहे. गवती तट्ट्यांच्या पालांत राहणारे हे भटके लोहार म्हशी, गाढवे आणि तट्टांवर आपला संसार लादून गावोगाव फिरत, आणि जळण म्हणून काटेरी झुडपांची मुळे आखूड दांड्याच्या खास कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून जमिनीतून काढीत. घिसाडी ही भटक्या लोहारांची दुसरी जमात. गावात ठाण मांडून असलेला लोहार बलुत्यावर काम करी, तर हे भटके कारागीर रोख पैशावर किंवा जागच्या जागी मोजलेल्या धान्यावर. म्हणून पिकाच्या हंगामाबाहेर एखादा छोटा चाकू, कातर किंवा उलथने घ्यायचे झाल्यास त्यांच्या पालाकडे जाणे सोयीचे पडत असे. हे चाकू साध्या बांधणीचे, लाकडी किंवा नुसत्या लोखंडी मुठीचे आणि न मिटणारे असत.

पोलादाच्या बाबतीत तर या जिल्ह्याचा शेजार असा आहे की जगाच्या धातूविद्येच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावी लागते. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, निर्मळचा परिसर आणि त्याच्या दक्षिणेस कोनासमुद्रम हे गाव आहे. तेथे मातीच्या बंद मुशीत लोखंड दीर्घकाळ तापवून त्यात कर्ब मुरवीत आणि पोलादाची लहान वडी तयार करीत; युरोपात या पोलादाला वूट्झ म्हणत आणि दमास्कसच्या नावाने गाजलेल्या, अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटणाऱ्या तलवारी अशाच पोलादाच्या असत. लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर फिरणारा वैद्य व भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात कोनासमुद्रम पाहिले आणि तेथे पोलाद खरेदीसाठी इराणी व्यापारी येत असल्याचे नोंदविले. मुंबईहून लंडनला गेलेल्या वूट्झच्या नमुन्यांवर जॉर्ज पीअर्सन याने १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, आणि या पोलादाची परीक्षा घेण्यासाठी जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूकाराने जी वस्तू घडविली ती तलवार नव्हती किंवा खंजीरही नव्हता. तो लेखणी तासण्याचा छोटा चाकू होता. पोलाद घडवायला कठीण गेले, पण धार उत्तम विलायती पोलादाइतकीच सूक्ष्म निघाली. पुढे आपल्या व्यापारपत्रिकेवर हिंदुस्थानी पोलाद आपण युरोपातील सर्वोत्तम पोलादापेक्षा पसंत करतो, असे स्टोडार्टने छापले होते. दख्खनच्या ज्या पट्ट्यात असे पोलाद तयार होत होते त्याला लागूनच असलेल्या यवतमाळात शंभर वर्षांनी खिशातला चाकू शेफील्डहून यावा, ही वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासातील अत्यंत खेदाची गोष्ट होय. रसेल आणि हिरालाल यांच्या काळापर्यंत हाताने लोखंड गाळण्याचा धंदा जवळजवळ बुडाला होता आणि बहुतेक सर्व कामांसाठी आयात लोखंडच वापरले जात होते.

मिटणाऱ्या पात्याची ओळख मात्र गावाला आधीपासून होती, आणि ती दोन वस्तूंतून झाली होती. पहिली, न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा. धोकटी म्हणजे हजामतीचे सामान ठेवण्याची कातडी पिशवी. वस्तऱ्याचे पाते दोन पट्ट्यांच्या मुठीत मिटते, परंतु त्याला उघडे धरून ठेवणारी कोणतीही कमान नसते. पात्याच्या मागच्या निमुळत्या टोकावर बोट दाबून न्हावी ते स्थिर ठेवतो, म्हणजे कुलूप हे त्याच्या बोटातच असते. दुसरी वस्तू चंचीतला अडकित्ता. चंची ही पान, सुपारी, चुना आणि तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली कापडी पिशवी, आणि तिच्यात बसेल असा, एका खिळ्यावर फिरणारा लहान अडकित्ता हा वऱ्हाडी माणसाचा नेहमीचा सोबती राहिला आहे. खिळ्याची झीज, त्यामुळे दोन पात्यांत पडणारी फट, आणि खिळ्याचे डोके हलक्या हातोडीने ठोकून ती फट मिटविण्याची युक्ती, हे सारे अडकित्त्यामुळे घरोघर परिचित होते. म्हणून जो नवा चाकू दुकानात आला त्याच्यातील खिळा कोणाला नवा नव्हता. नवी होती ती पाठीची कमान.

ही कमान म्हणजे मुठीच्या पाठीमागच्या बाजूला बसविलेली पोलादी पट्टी. तिचे एक टोक मुठीत जखडलेले असते आणि दुसरे मोकळे टोक पात्याच्या बुडाशी असलेल्या चौकोनी टाचेवर दाबून बसते. पाते उघडताना टाचेचा कोपरा पट्टीला वर उचलतो, अर्ध्या वाटेवर क्षणभर अडतो, आणि पूर्ण उघडल्यावर पट्टी टाचेच्या सपाट बाजूवर खाली येऊन टक असा आवाज होतो. पाते मिटतानाही तसेच होते. यात कुलूप नसते, फक्त दाब असतो. म्हणून कापताना जोर धारेच्या दिशेने लावला तर पाते उघडे राहते, पण टोकाने भोसकण्याचा किंवा उचकटण्याचा प्रयत्न केला तर पाते मिटून बोटावर येऊ शकते. इंग्लंडात ही बांधणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि शेफील्ड शहराने ती जगभर पोहोचविली. आजही स्वस्त घडीच्या चाकूंत हीच बांधणी आढळते, आणि तिचे खरे कसब कमानीला नेमका ताण देण्यात असते. कमान फार कठीण निघाली तर मोडते, फार मऊ निघाली तर वर्षभरात ढिली पडते. साध्या पात्याला पाणी देणे आणि कमानीला नेमका ताण देणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि दुसरी विद्या बलुत्याच्या कामात कधी लागतच नसल्यामुळे गावच्या लोहाराने ती आत्मसात करण्याचे कारणच नव्हते.

गावात घडीच्या चाकूची सर्वांत जुनी आणि सर्वांत निर्विवाद गरज शेतकऱ्याची नसून लेखनिकाची असावी, असे मानण्यास आधार आहे. वऱ्हाडातील गावकारभार पटेल आणि पटवारी यांच्याकडे असे. पटवाऱ्याचे दप्तर दीर्घकाळ मोडी लिपीत बोरूने लिहिले गेले. बोरू म्हणजे एका जातीच्या बारीक वेताची किंवा कळकाची लेखणी. तिचे टोक तिरके छाटून, मधोमध चिरून, अक्षराच्या जाडीप्रमाणे तासावे लागते आणि काही पानांनंतर ते पुन्हा तासावे लागते. या कामाला लहान, पातळ आणि अत्यंत धारदार पाते हवे. ते दप्तराबरोबर गावोगाव नेता यावे आणि कागद किंवा बस्ता न फाडता त्यात मावावे. इळा येथे निरुपयोगी आहे आणि वस्तरा धोक्याचा. शाळांतही बोरू आणि पुढे शिसपेन्सिल यांमुळे मास्तरांच्या टेबलावर किंवा खणात घडीचा चाकू असे. लेखणीसाठी आलेला हा चाकू हळूहळू फळे कापणे, दोरी तोडणे, पाकीट उघडणे अशा किरकोळ कामांत रुळला आणि लेखणी गेल्यावरही मागे राहिला.

तो जिल्ह्यात पोहोचण्याचा मार्ग कापसाने तयार केला. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पूर्ण झाल्यावर धामणगाव हे यवतमाळसाठी सोयीचे स्थानक ठरले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंदमापी गाडी, जिला लोक शकुंतला म्हणतात, सुरू झाली. कापसाच्या गाठी बाहेर जात आणि परतीच्या वाटेने कापड, रॉकेल, कंदील, कुलपे, कात्र्या आणि चाकू येत. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या शेफील्डच्या पेढीचे चाकू हिंदुस्थानभर इतके नावाजले होते की तिच्या तारा आणि क्रूस या चिन्हाची नक्कल होऊ लागली. परदेशी मालावर खोटी खूण टाकण्याला आळा घालण्यासाठी इंग्लंडात १८८७ मध्ये आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारचिन्हांचे कायदे झाले, त्यामागे जर्मनीतील झोलिंगेनसारख्या शहरांतून शेफील्डच्या नावाने येणारा माल हे एक मोठे कारण होते. खिशातला चाकू ही अशा रीतीने यवतमाळच्या ग्राहकाने छापावरून पारखण्यास शिकलेल्या आरंभीच्या वस्तूंपैकी एक ठरते; इळ्यावर कोणाचा छाप असण्याची गरज नव्हती, कारण त्याचा कर्ता गावातच राहत होता.

देशी पर्याय अगदीच नव्हता असे नाही. चाकू-कात्र्या, खिळे इत्यादी वस्तू बनविण्याच्या धंद्यात भांडवल अनेकदा भाटिया किंवा बोहरा व्यापाऱ्याचे असते आणि लोहार त्याच्याकडे मजुरीने काम करतात, असे रसेल आणि हिरालाल यांनी नोंदविले आहे. ही नोंद थोडक्यात असली तरी फार बोलकी आहे. बलुत्यात लोहाराचा ग्राहक हाच त्याला लोखंड पुरवीत होता. व्यापाऱ्याच्या कारखान्यात लोखंड, कोळसा आणि तयार चाकू हे तिन्ही व्यापाऱ्याचे आणि लोहाराकडे केवळ हातोडा उरला. वर्धा येथे डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघातून जे. सी. कुमारप्पा यांनी ज्या व्यवस्थेवर प्रहार केला, म्हणजे कच्चा माल गावाचा, मजूर गावाचा आणि नफा मात्र बाहेरचा, तिचे हे लहानसे पण अचूक उदाहरण होय. घडीचा चाकू विकत घेण्याच्या विरुद्ध जेवढे म्हणता येईल त्यात या मुद्द्याचे वजन सर्वांत जास्त आहे, आणि तो मुद्दा आजही जुना झालेला नाही.

आठवडी बाजारात आणि वणीच्या रंगनाथ स्वामींच्या यात्रेसारख्या जत्रांत, जेथे बैलांचा मोठा बाजार भरतो, हा माल सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचे. बैलांची पारख करणाऱ्या डोळ्यांनीच चाकूचीही पारख होते. पाते उघडून त्याचे टोक दोन बोटांत धरून आडवे हलविले की खिळ्यातील ढिलाई कळते. मिटलेला चाकू उजेडासमोर धरला की मुठीच्या दोन पट्ट्यांमधून पाते मध्यभागी आहे की एका बाजूला घासते हे दिसते. आणि उघडताना अर्ध्या वाटेवरची अडणूक व शेवटचा टक हा आवाज स्पष्ट नसेल तर कमान मऊ आहे, हे समजून घ्यावे लागते. नखाने पाते उघडण्यासाठी पात्याच्या पाठीजवळ जी खाच असते ती उथळ असेल तर घामेजल्या हाताने चाकू उघडत नाही, आणि शेतात हात कोरडा असण्याची वेळ कमीच येते.

याच जिल्ह्यात १९३० मध्ये पात्याला राजकीय अर्थ प्राप्त झाला. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत विनापरवाना कापून जंगल सत्याग्रहाला आरंभ केला, आणि त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या लोहारा जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही सत्याग्रह केला. सरकारच्या दृष्टीने या प्रसंगात गुन्हा होता तो गवत कापण्याचा. कापणारे पाते हा पुरावा असला तरी स्वतः पाते बेकायदा नव्हते. कायदा काय कापले आणि कोठे कापले हे विचारीत होता, कशाने कापले हे विचारीत नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाण यांची नावे आहेत, पण साध्या चाकूचे नाव नाही. वऱ्हाड तर तांत्रिकदृष्ट्या निजामाचाच मुलूख राहिल्याने तेथे असे कायदे स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील १९६२ चे नियम यांत पात्याचे माप आले: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू व तत्सम हत्यारे शस्त्रांच्या यादीत घातली गेली, परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली. ही सूट शेतीप्रधान जिल्ह्यासाठी अत्यावश्यक होती, कारण ती नसती तर प्रत्येक ऊसतोड्याचा कोयता आणि प्रत्येक घरातील पावशी संशयाच्या कक्षेत आली असती. खिशातील चाकूचे पाते तीन-चार इंचांपलीकडे क्वचित जाते, म्हणजे या मापाने तो निर्धोक ठरतो. परंतु यवतमाळ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा कायदा येथेही लागू झाला, आणि त्याच्या कलम ३७ नुसार सार्वजनिक शांततेसाठी काढलेल्या मनाई आदेशात तलवारी व भाल्यांबरोबर चाकू, काठ्या आणि लाठ्याही सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी घालता येते. अशा आदेशाच्या काळात पात्याच्या लांबीचा प्रश्न उरत नाही. बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातील चाकूला शेतीच्या कामाचा आधार असतो, पण तो आधार चौकात उभ्या असलेल्या शिपायाला पटवून द्यावा लागतो. बैलगाडीत जुवाजवळ खोवलेल्या इळ्याबाबत हा प्रसंग सहसा येत नाही, कारण इळा पाहताच त्याचे काम कळते.

घडीच्या चाकूविषयीचा हा संशय वाढविण्यात उत्तर प्रदेशातील रामपूर शहराच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटक्याच्या चाकूचा मोठा वाटा आहे. खटका दाबताच ज्याचे पाते कमानीच्या जोराने उघडते तो खटक्याचा चाकू, आणि ज्याच्या टाचेवर दाते असल्यामुळे उघडताना कर्र असा आवाज होतो तो गरारीचा. १९६५ च्या ‘वक्त’ चित्रपटापासून पुढे हिंदी पडद्यावर रामपुरी हे गुंडाच्या हाताचे भूषण बनले. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये अधिसूचना काढून ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याच्या खटक्याच्या आणि गरारीच्या चाकूंवर त्या प्रदेशापुरते निर्बंध घातले. ही अधिसूचना यवतमाळला लागू नाही. तरी तिच्यातून कायद्याची बदललेली दृष्टी दिसते. आता पात्याच्या आकाराबरोबर ते कसे उघडते यालाही महत्त्व आले. शेतकऱ्याला खटक्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि तरीही पाठीच्या कमानीचा साधा चाकू व खटक्याचा चाकू यांतील फरक न जाणणाऱ्या नजरेपुढे दोन्ही सारखेच ठरतात. साध्या, निरुपद्रवी अवजारावर दुसऱ्या वस्तूची बदनामी अशी चिकटावी, हा त्या अवजारावर झालेला खरा अन्याय आहे.

गुणांच्या बाजूने पाहता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घडीच्या चाकूला जिल्ह्यात दोन पक्की कामे मिळाली. पहिले काम फळबागांचे. विदर्भातील संत्र्याची रोपे पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तयार करतात. खुंटाच्या सालीवर टी अक्षराच्या आकाराची चीर पाडायची, साल दोन्ही बाजूंनी सैल करायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवून घट्ट बांधायचा. चीर साल भेदून जावी पण लाकडात उतरू नये इतके हे पाते सूक्ष्म लागते, आणि साल उचलण्यासाठी चाकूच्या दुसऱ्या टोकाला बोथट जीभ असते. दिवसभर उघडे-मिटे करावे लागणारे आणि मिटलेले असताना धार पूर्ण सुरक्षित ठेवणारे पाते येथे अपरिहार्य आहे. बलुत्याच्या ऐरणीने हे काम कधी केले नव्हते. दुसरे काम वेष्टनांनी निर्माण केले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर सरकी गोणीतून न येता ४५० ग्रॅमच्या सीलबंद पाकिटातून येऊ लागली. खताच्या प्लास्टिक गोण्या, ठिबकच्या नळ्या, नायलॉनच्या दोऱ्या आणि औषधांची पाकिटे यांनी शेत भरून गेले. अंबाडीचा वाक हाताने किंवा दगडावर ठेवून तोडता येत असे, नायलॉनचा दोर तसा तुटत नाही. आणि कीटकनाशकाचे पाकीट दातांनी फाडण्यापेक्षा खिशात चाकू असणे कितीतरी पटींनी शहाणपणाचे आहे, याविषयी दुमत असू शकत नाही.

दोषांच्या बाजूने जिल्ह्याची काळी माती स्वतःच साक्ष देते. पावसाळ्यात ती ओली असताना चाकूला चिकटते, खाचेत शिरते आणि वाळल्यावर तेथे दगडासारखी बसते. मग पाते पूर्ण मिटत नाही आणि टोक खिशात डोके वर काढते. खाच काडीने कोरून काढावी लागते आणि खिळ्यात तेल सोडावे लागते. घरात हाताशी असलेले जवसाचे तेल यासाठी वापरण्याची चूक सहज होते, पण जवसाचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते आणि सांधा अधिकच जड होतो. शिलाई यंत्राचे पातळ तेल या कामाला योग्य. पाते कोणत्या पोलादाचे हेही पाहावे लागते. हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये शेफील्ड येथे न गंजणारे पोलाद काढल्यापासून चाकू चकचकीत राहू लागले. पण स्वस्त न गंजणाऱ्या पात्याची धार निसण्यावर लवकर येत नाही आणि आली तरी लवकर जाते, तर जुन्या कर्बयुक्त पात्यावर लिंबू किंवा कैरी कापताच काळे डाग पडतात, ते पुसून ठेवले नाही तर गंज चढतो, मात्र चार घासांत धार परत मिळते. शेतात उभे राहून निसण्यावर चाकू घासणाऱ्याला दुसरा प्रकारच जवळचा वाटला तर त्यात नवल नाही.

जपानमध्ये १९५६ मध्ये निघालेले, टोक बोथट झाले की तेवढाच तुकडा मोडून टाकण्याचे सरकते पाते आता प्लास्टिकच्या मुठीत, कटर या नावाने, यवतमाळच्या प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात काही रुपयांना मिळते, आणि कागद-पाकिटांचे हलके काम त्याने घडीच्या चाकूकडून काढून घेतले आहे. त्याच वेळी रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेले भटके लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांचे, म्हणजे चाकांवरील धक्के सोसणाऱ्या कमानपट्ट्यांचे, तुकडे तापवून इळे, कोयते आणि चाकू घडवितात. हे पोलाद उत्तम कर्बयुक्त असते आणि योग्य पाणी दिल्यास त्याची धार दुकानातील बहुतेक घडीच्या चाकूंना मागे टाकते. हा चाकू मिटत नाही, म्हणून तो शेतावरच्या झोपडीत, बैलगाडीत किंवा घराच्या कोनाड्यात राहतो आणि खिळ्याचा किंवा कमानीचा प्रश्न त्यात मुळातच उद्भवत नाही. ज्याला बाग आहे, कलमे आहेत किंवा कामासाठी रोज गावोगाव हिंडावे लागते त्याने पाठीच्या कमानीचा, तीन इंचांच्या आतला, खटका नसलेला चाकू घ्यावा; ज्याचे काम एका शेतात आणि एका गोठ्यात संपते त्याला पाट्याच्या पोलादाचे न मिटणारे पाते अधिक काळ पुरते, आणि ते बोथट झाल्यावर पुढच्या हंगामात त्याच वाटेने येणाऱ्या लोहाराकडे परत देता येते.